इसब, प्रोबायोटिकची पाकिटे आणि आठवड्याचे सात प्रश्न

आमचा थोरला मुलगा २०१६च्या ऑगस्टमध्ये जन्मला आणि पाचव्या महिन्यात, ऐन कोरड्या थंडीत, त्याच्या दोन्ही गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. आम्ही अमळनेरला राहतो. खानदेशातली थंडी फार दिवस टिकत नाही, पण जेवढे दिवस असते तेवढे दिवस मोठ्या माणसांच्याही टाचा फुटतात, त्यामुळे सुरुवातीला कोणालाच त्याचे विशेष वाटले नाही. पंधरा दिवसांत चट्टे गालांवरून कपाळावर गेले, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत उतरले, त्यांतून लस येऊ लागली. रात्री तो दोन्ही मुठींनी गाल घासत रडत असे आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसत.

शेजारच्या आजी पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "पोरले उष्णता व्हयेल शे." सासूबाईंनी कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी घातले, हळद लावली. अंगावर पाजत असल्यामुळे माझे वांगे, शेंगदाणे आणि दही बंद झाले, आणि ऐन भरिताच्या दिवसांत मी फोडणीच्या वरणावर राहिले. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, सगळ्यांचा जीव त्या लेकरावरच होता. परंतु दोन महिने पथ्य पाळूनही चट्टे तसूभर कमी झाले नाहीत.

त्यानंतर आमच्याकडून खरी चूक झाली. कोणाच्या तरी सांगण्यावरून औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले. तीन दिवसांत गाल स्वच्छ झाले आणि घरात आनंद झाला. आठवड्याने मलम थांबवले तेव्हा चट्टे दुप्पट जोमाने परतले आणि मानेपर्यंत पसरले. नंतर कळले की त्या एका ट्यूबमध्ये बुरशीवरचे औषध, प्रतिजैविक आणि अतिशय तीव्र स्टिरॉइड असे तिन्ही एकत्र होते. अशी मिश्रणे तान्ह्या मुलाच्या चेहऱ्यावर लावायची नसतात. पुढे २०१८मध्ये सरकारने स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, हे वाचून मला फार बरे वाटले.

मार्च २०१७मध्ये आम्ही जळगावला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मुलाला पाहण्याआधी आमच्या दोन्ही घरांची चौकशी केली. माझ्या सासऱ्यांना दमा आहे आणि मला लहानपणापासून सकाळी एकामागून एक शिंका येतात, हे ऐकल्यावर त्यांनी निदान सांगितले, अ‍ॅटॉपिक एक्झिमा, म्हणजे आपण ज्याला इसब म्हणतो तो. तो संसर्गाने होत नाही, रक्तातल्या घाणीने होत नाही आणि आईच्या खाण्याने बहुधा होत नाही, असे त्यांनी एकेक करून स्पष्ट केले. कातडीच्या वरच्या थराला घट्टपणा देणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन असते आणि ते बनवणाऱ्या जनुकात दोष असलेल्या मुलांना इसब होण्याचा धोका बराच वाढतो, हे २००६मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले होते. हे सांगताना डॉक्टरांनी दिलेले उदाहरण मी विसरलेले नाही. धाब्याच्या घरावर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकली नाही तर पाणी आत शिरते, तसे या मुलांच्या कातडीचे असते, फरक इतकाच की इथे आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. "तुम्हाला रोज माती टाकायची आहे," असे ते म्हणाले. रोजची माती म्हणजे कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर, अंग टिपून कोरडे केल्यावर तीन मिनिटांच्या आत सर्वांगाला जाडसर क्रीम, आणि लाल चट्ट्यांवर ठरावीक दिवस हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड. स्टिरॉइड किती घ्यायचे याचेही माप त्यांनी दिले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

उठता उठता मी त्यांना प्रोबायोटिकविषयी विचारले, कारण पुण्याच्या नणंदेने आदल्याच आठवड्यात फोन करून सांगितले होते की त्यांच्या ओळखीतल्या एका मुलीचा इसब पोटातले चांगले जिवाणू वाढवणाऱ्या पाकिटांनी बरा झाला. डॉक्टरांनी ती सूचना उडवून लावली नाही आणि उचलूनही धरली नाही. आधी महिनाभर फक्त क्रीम नीट लावा, त्यानंतर हवे तर पाकिटे देऊन पाहा, मात्र वही ठेवा, असे ते म्हणाले. त्यांनी सात प्रश्नांचा एक कागद दिला. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे तयार झालेल्या या प्रश्नावलीला पोएम म्हणतात. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज सुटली, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आले, किती दिवस लस आली, कातडी किती दिवस भेगाळली, किती दिवस पापुद्रे निघाले आणि किती दिवस ती कोरडी-खरखरीत राहिली, असे ते प्रश्न आहेत. एकही दिवस नाही तर शून्य आणि रोज असेल तर चार, म्हणजे जास्तीत जास्त बेरीज २८ होते. आठ ते सोळा म्हणजे मध्यम इसब, सतरा किंवा त्याच्या वर गेला तर तीव्र. त्या दिवशी थोरल्याची बेरीज २२ आली. दर रविवारी रात्री ती वहीत लिहायची, असे मी ठरवले आणि मोजक्या सुट्या सोडल्या तर ते पाळले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बेरीज १२ होती. म्हणजे पाकीट उघडण्यापूर्वी, निव्वळ अंघोळ, क्रीम आणि मोजलेले स्टिरॉइड यांवर, दहा गुण उतरले होते. हा आकडा मी पुढे अनेकांना दाखवला आहे, कारण नंतर घरातल्या सगळ्यांच्या आठवणीतून तो महिना पुसला गेला.

नणंदेने पाठवलेली पाकिटे आली तेव्हा त्यांवर काय लिहिले आहे ते मी वाचू लागले. कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे वाचण्याची सवय होती, तरीही या बाबतीत मी अडाणीच होते. गावातल्या दुकानात प्रोबायोटिक मागितले की बहुतेक वेळा जुलाबावर देतात ती बॅसिलस क्लॉसीची कुपी हाती येते, आणि तिचा इसबाशी काही संबंध नाही. प्रोबायोटिक हा एक पदार्थच नव्हे, हे मला इथे उमगले. केळीच्या मुलखात राहणाऱ्याला हे समजायला सोपे आहे. रावेर-यावलचा कोणताही शेतकरी नुसती 'केळीची रोपे द्या' असे म्हणत नाही, तो बसराई की श्रीमंती की ग्रँड नैन हे विचारतो, कारण वाण बदलला की उंची, पाणी, घड सगळेच बदलते. जिवाणूंचेही तसेच असते. तेव्हाच्या नावाप्रमाणे लॅक्टोबॅसिलस हे कूळ झाले, ऱ्हॅम्नोसस ही प्रजाती झाली, आणि तिच्यापुढे लिहिलेले जीजी किंवा एचएन००१ हे वाणाचे नाव. संशोधन त्या वाणावर झालेले असते. जीजी हा वाण अमेरिकेतील गोर्बाक आणि गोल्डिन या दोन संशोधकांनी निरोगी माणसाच्या आतड्यातून वेगळा केला आणि त्यांच्याच आडनावांची अक्षरे त्याला मिळाली. ज्या पाकिटावर वाणाचे नाव नाही आणि जिवंत जिवाणूंची संख्याही नाही, ते घ्यायचे नाही, हा नियम मी तेव्हा केला. नणंदेच्या पाकिटांवर दोन्ही होते.

सासूबाईंनी त्या पाकिटांकडे पाहून विचारले, "आपला दहीमा बी तेच शे ना?" प्रश्न अगदी रास्त होता. घरच्या दह्यात जिवंत जिवाणू असतातच. पण जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१मध्ये केलेल्या व्याख्येप्रमाणे जे जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्याला फायदा करतात तेच प्रोबायोटिक, आणि आमच्या विरजणात कोणता वाण आहे, किती आहे, पोटातल्या आम्लातून त्यातले किती जगतात, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. त्या दिवसापासून माझे दही मात्र परत सुरू झाले, कारण ते सोडून मुलाला काही फायदा झाला नव्हता.

मे महिना आला आणि वेगळीच अडचण उभी राहिली. आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. पाकिटावर पंचवीस अंशांखाली ठेवा असे छापलेले होते, आणि कुरिअरचा डबा भर दुपारी पत्र्याच्या गोदामात किती तास पडून राहिला असेल, हे कळायला मार्ग नव्हता. जिवाणू मेले असतील तर आपण मुलाला महागडी पिठी चारत आहोत, ही शंका माझ्या मनातून कधीच पूर्ण गेली नाही. पुढची पाकिटे मी भाच्याबरोबर रात्रीच्या गाडीने, बर्फाच्या पिशवीत मागवली. वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही, असे सगळ्यांना बजावले. पूड कोमट पाण्यात किंवा गार केलेल्या खिमटीतच कालवायची, कढत दुधात कधीच नाही, हे सासूबाईंनी माझ्याहून काटेकोरपणे सांभाळले.

जूनअखेर पाऊस पडला तेव्हा बेरीज ८ होती. घरात, नातेवाइकांत, आमच्या गल्लीत सगळीकडे पाकिटांचे नाव झाले आणि तीन जणींनी माझ्याकडून त्यांचा फोटो नेला. वही उघडून पाहिली तेव्हा मला मात्र तीन गोष्टी एकत्र गुंतलेल्या दिसल्या. पाकिटे सुरू होती, क्रीमला चार महिने होत आले होते आणि घामाचा उन्हाळा संपला होता. यातले श्रेय कोणाचे, हे सांगता येणार नव्हते. म्हणून डॉक्टरांना विचारून मी जुलैच्या सुरुवातीला पाकिटे बंद केली आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवले. घरात हे कोणालाच पटले नाही. रुळावर लागलेली गाडी कशाला उतरवतेस, असे माझ्या यजमानांनीही विचारले. सहा रविवारांचे आकडे ७, ८, ६, ८, ७, ७ असे आले. ऑगस्टच्या मध्यात पाकिटे परत सुरू केली, आणि पुढचे सहा आकडे ७, ६, ८, ७, ६, ७ असे आले. या प्रश्नावलीत तीन गुणांपेक्षा कमी चढउतार म्हणजे खरा फरक मानत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

याउलट दिवाळीत आम्ही आठ दिवस चोपड्याला गेलो, क्रीमची ट्यूब घरीच राहिली आणि तिथे खोबरेल तेलावर भागवले. त्या रविवारी वहीत १५ लिहिले गेले. डिसेंबरच्या थंडीत बेरीज १३ वर अडकली तेव्हा मी पुन्हा एकदा पाकिटांची आशा धरली आणि आठ आठवडे दिली, पण आकडा ११ ते १३ मध्येच फिरत राहिला. तो खाली आला तो फेब्रुवारीत, डॉक्टरांनी आम्ही क्रीम किती वापरतो हे वजनात विचारल्यावर. आम्ही महिन्याला शंभर ग्रॅमची एक ट्यूब पुरवून वापरत होतो. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलो लागू शकते, हे ऐकून मला स्वतःचीच खंत वाटली, कारण मलम म्हणजे चिमूटभर ही समजूत माझीही होती. मोठा डबा आणल्यावर तीन आठवड्यांत बेरीज ६ झाली.

एका मुलाची वही म्हणजे शास्त्रीय चाचणी नव्हे, हे मी वर्गात शिकवते, तेव्हा घरीही विसरून चालणार नव्हते. परंतु त्याच वर्षी, २०१८मध्ये, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा प्रसिद्ध झाला. इसबाच्या उपचारासाठी प्रोबायोटिक देण्याच्या ३९ चाचण्या आणि २५९९ रुग्ण त्यात एकत्र तपासले होते. रुग्णांना किंवा पालकांना जाणवणाऱ्या खाजेत आणि झोपेत प्रोबायोटिकमुळे बहुधा फरक पडत नाही, आणि १०३ गुणांच्या डॉक्टरी मोजमापात सरासरी जेमतेम चार गुणांचा फरक पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिथे नजरेत भरण्यासाठी आठ-नऊ गुणांचा फरक लागतो. माझ्या वहीतले ६, ७, ८ त्या निष्कर्षाशी जुळत होते.

२०१९मध्ये मला पुन्हा दिवस गेले आणि प्रश्न बदलला. झालेला इसब पाकिटाने हटत नसेल, पण न झालेला टाळता येईल का? या दोन प्रश्नांची गल्लत मी स्वतः बरेच दिवस करत होते. टाळण्याच्या बाजूने निदान एक सयुक्तिक कारण आहे. आतड्याच्या भिंतीलगत शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा साठा असतो आणि कशाला शत्रू मानायचे, कशाला सोडून द्यायचे, याचे वळण त्यांना जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत आतड्यात वस्तीला येणाऱ्या जिवाणूंकडून मिळते. वळण लागण्यापूर्वी काही करता आले तर उपयोग होईल, ही ती कल्पना. फिनलंडमधील तुर्कू येथे कुटुंबात अ‍ॅलर्जीचे आजार असलेल्या गर्भवतींना बाळंतपणापूर्वी दोन ते चार आठवडे आणि नंतर सहा महिने आईला किंवा बाळाला जीजी वाण देण्यात आला. २००१मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांच्या वयात जिवाणू नसलेली नुसती पूड मिळालेल्या गटात ४६ टक्के मुलांना इसब होता आणि जीजी मिळालेल्या गटात २३ टक्क्यांना. हे वाचून माझा निर्णय जवळजवळ झाला होता. मग २००८चा जर्मनीतील अभ्यास वाचला. तोच वाण, तशीच पद्धत, आणि दोन्ही गटांत इसबाचे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक शून्य. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये दोन वाण शेजारी शेजारी तपासले गेले. एचएन००१ने इसब जवळजवळ निम्म्यावर आणला आणि बिफिडोबॅक्टेरियम या वेगळ्या कुळातल्या एचएन०१९ने काहीच केले नाही. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५मध्ये कुटुंबात अ‍ॅलर्जीचा इतिहास असेल तर गर्भारपणात, स्तनपानाच्या काळात आणि बाळाला प्रोबायोटिक देण्याचा विचार करावा, असे सुचवले, पण त्यामागचा पुरावा अत्यंत कमी दर्जाचा आहे, हेही त्याच कागदावर लिहिले.

माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हे सगळे ऐकून घेतले आणि तब्येत ठणठणीत असलेल्या बाईला याचा धोका नगण्य आहे, घेण्यास हरकत नाही, असे सांगितले. मी ३६व्या आठवड्यापासून जीजी सुरू केले. नोव्हेंबरमध्ये धाकटी झाली. त्यानंतर मी स्वतः पाकीट घेत होते आणि अंगावर पाजत होते, शिवाय पहिल्या आठवड्यापासून तिला रोज क्रीम लावत होते. मार्च २०२०च्या टाळेबंदीत कुरिअर बंद पडले आणि पाच आठवडे पाकिटेच मिळाली नाहीत, त्यामुळे सहा महिन्यांचा नेम माझ्याकडून पुरा झाला नाही. त्याच सुमारास ब्रिटनमधील १३९४ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निरोगी बाळाला पहिले वर्षभर रोज क्रीम लावल्याने इसब टळत नाही, दोन वर्षांच्या वयात २३ आणि २५ टक्के असे दोन्ही गट सारखेच राहिले, हे मी धाकटीला मांडीवर घेऊन वाचले. ज्या क्रीमने थोरल्याचा जीव निवला होता तेच क्रीम टाळण्याच्या कामी आले नाही, याचा मला धक्का बसला होता, पण चट्टे असलेल्या कातडीवर ते काम करते याबद्दल त्या अभ्यासाने काही वेगळे म्हटलेले नव्हते.

धाकटीला आठव्या महिन्यात कोपराच्या घडीत इसब झालाच. दोन रुपयांएवढे दोन चट्टे होते. पहिल्याच रविवारी बेरीज ६ आली आणि त्यानंतर ती कधी ७ च्या वर गेलेली नाही. हे पाकिटांमुळे सौम्य राहिले, की तिला मुळातच सौम्य व्हायचा होता, की आम्ही पहिल्या दिवसापासून मुठीने क्रीम लावले म्हणून, हे मला विचारू नये. पाकिटे घेऊन फुकट गेली असे मी म्हणत नाही आणि त्यांनी वाचवले असेही म्हणत नाही. पुन्हा तीच परिस्थिती आली तर गर्भारपणात मी ती परत घेईन. झालेल्या इसबासाठी मात्र एक रुपयाही खर्च करणार नाही.

२०२३च्या अखेरीस शेजारच्या घरात बत्तिसाव्या आठवड्यात बाळ जन्मले. त्याच्या आजी माझ्याकडे उरलेली पाकिटे मागायला आल्या, कारण माझी मुले त्यावर वाढली असे त्यांना वाटत होते. मी दिली नाहीत आणि त्या दुखावल्या. त्यापूर्वी थोड्याच दिवसांआधी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याविषयी गंभीर इशारा दिला होता, कारण अशा बाळांत तेच जिवाणू रक्तात शिरून जिवावरचा संसर्ग होऊ शकतो. मी त्यांच्या घरी जाऊन हे त्यांच्या सुनेला समजावून सांगितले आणि बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही देऊ नका, अशी विनंती केली. बाळ आता छान चालते आणि आजी माझ्याशी बोलू लागल्या आहेत.

फ्रिजमधला पाकिटांचा कप्पा रिकामा होऊन बरेच दिवस झाले. थोरला रविवारी जेवणानंतर सात प्रश्नांची उत्तरे स्वतः लिहितो आणि धाकटीची तिला विचारून भरतो. गेल्या रविवारी त्याने स्वतःपुढे ४ लिहिले आणि तिच्यापुढे २.